मागच्या चाकावरचं वजन

आमच्या वाड्यावर दुपारी एक ते चार या वेळात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. दुकानदार फळ्या लावून घेतो, पोस्टमन सायकल आंब्याला टेकवून तिथेच आडवा होतो, कुत्रीसुद्धा भुंकायचं ते चारनंतर बघू म्हणतात. तेहतीस वर्षं पोरांना बाराखडी घोटून मी निवृत्त झालो तो एवढ्याचसाठी, की निदान ही झोप तरी पुरती माझी असावी. पण माझ्या गडग्यापलीकडे कायतान राहतो, आणि कायतानला दर दीड-दोन महिन्यांनी मोटारसायकलचं मागचं चाक काढायची हुक्की येते. तीही दुपारीच, आणि माझ्याच परसातल्या फणसाखाली.

कायतान पायलट आहे. पुढचं मडगार्ड पिवळं रंगवलेली काळी मोटारसायकल घेऊन तिठ्यावर उभा राहतो आणि भाडं घेऊन माणसांना मागच्या सीटवरून पोचवतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून चाकाला मुहूर्त दुपारचा. गाडीला मधला स्टँड होता तो कधीच गंजून पडला. त्यामुळे फणसाच्या जाड फांदीला काथ्याची दोरी टाकायची, ती सीटमागच्या लोखंडी कडीला बांधायची आणि गाडीचं ढुंगण उचलून धरायचं, ही त्याची पद्धत. झाड माझं, दोरी माझी, झोपही माझीच.

"अरे, तिठ्यावर चांगलं गॅरेज आहे," मी एकदा वैतागून म्हणालो. "अर्ध्या तासात चाक काढून घालून देतील."

"पुढचं चाक कुणीही काढो, मास्तर. मागच्याला दुसऱ्याचा हात लागता कामा नये."

"का? सोवळ्यातलं आहे?"

"पुढचं चाक रस्ता बघतं. मागचं माणूस बघतं," कायतान म्हणाला आणि पाना घेऊन खाली वाकला.

हे त्याचं जुनं पालुपद. मागे कोण बसलंय, किती जेवलंय, भांडून आलंय की भांडायला चाललंय, सगळं म्हणे त्याला चाकावरून कळतं. कोर्टात जाणारा माणूस जाताना जड असतो आणि येताना त्याहून जड असतो, असं तो शपथेवर सांगतो. एकदा एका म्हाताऱ्याला त्याने वाटेतच उतरवून विचारलं होतं, "बाब, कोंबडी कुठे लपवलीय?" आणि खरंच शर्टाच्या आत कोंबडी निघाली.

याच शास्त्रापायी माझी झोप मोडते. चाक परत बसवलं की चेन ताणायची असते. फार सैल राहिली तर उडते, फार ताणली तर तुटते. कायतानचं म्हणणं असं, की रिकाम्या गाडीवर ताणलेली चेन हा शुद्ध फसवाफसवीचा मामला आहे. सीटवर माणूस बसला, गाडी खाली दबली, की चेन आपोआप आवळते. म्हणून ताण बघायचा तो माणूस बसवूनच. आणि दुपारी तीन वाजता वाड्यावर दुसरं कुठलं माणूस मिळणार? मग खिडकीखाली हाक येते, "मास्तर, जरा वजन द्या!" मी लुंगी सावरत जातो आणि जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीवर मुकाट्याने बसतो. वाड्याने मला 'कायतानचं बिनभाड्याचं गिऱ्हाईक' असं नाव ठेवलेलं आहे.

फणसाचंही एक सांगून टाकतो. झाड माझ्या जागेत असलं तरी लावलं कायतानने. फार वर्षांपूर्वी त्याने एकदा कुठूनसे दोन मोठे फणस आणून गडग्यावरून आमच्याकडे दिले होते. त्याने मला आयुष्यात फुकट दिलेली ही एकच वस्तू. आमच्या हिने आठळ्या उन्हात वाळत घातल्या, तर दुसऱ्या दिवशी हा हजर. त्यातली एक चांगली टपोरी निवडून त्याने गडग्याजवळ पुरली आणि वर्षभर तिला पाणीही घातलं. झाड फळायला लागल्यापासून दर मे महिन्यात पहिला फणस तो हक्काने उतरवून नेतो. "आपोलिनला आवडतो," एवढंच म्हणतो. मी म्हणायचो, माणूस निर्लज्ज असावा तर असा.

आपोलिन त्याची बायको. उंच, ताठ, देवळातली घंटा लाजेल असा आवाज. तिने गेली तेवीस वर्षं नवऱ्याच्या गाडीवर पाय ठेवलेला नाही. सगळ्या गावाला पोचवणाऱ्या पायलटची बायको बाजाराला बसने जाते. लग्नाकार्याला ती दुसऱ्यांच्या गाडीत दाटीवाटीने बसते आणि हा मागून रिकामी सीट घेऊन येतो. तिठ्यावरचे बाकीचे पायलट त्याला विचारतात, "कायतान, मागे कुणाची जागा धरून ठेवलीय?" तो हसतो, पण ते हसणं मी जवळून बघितलं आहे. त्यात काही मजा नसते.

झालं होतं असं. लग्नाच्या बाराव्या दिवशी दोघं नदीपलीकडच्या बेटावर तिच्या माहेरी गेली होती. तिचा बाप जहाजावर नोकरीला. लेकीच्या लग्नासाठी रजा काढून आलेला, दुसऱ्या दिवशी परत निघायचा होता. त्याला भेटून संध्याकाळच्या फेरीबोटीने ही दोघं परतली. बोटीवर गाडीवरची माणसं खाली उतरतात, आणि बोट धक्क्याला लागून फळी पडली की साऱ्या मोटारसायकली एकदम भर्रकन सुटतात, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. तसा कायतानही सुटला. घरापर्यंतचा दीड मैल तो बडबडत आला. आई किती खूश होईल, पावसाआधी घरावरची कौलं कशी परतून घेऊ, सगळं. दारात येऊन "उतर गे" म्हणाला, आणि मागे बायको नव्हती.

ती बोटीवरच राहिली होती. लग्नातल्या उंच टाचांच्या चपला हातात घेऊन दीड मैल चालत आली, आणि वाड्याच्या तोंडाशी, सगळ्यांच्या देखत, तिने तो निकाल दिला जो अजून कुणाला फिरवता आलेला नाही. "गिऱ्हाइकाच्या शर्टातली कोंबडी कळते ह्याच्या चाकाला. बायको कळली नाही. आता या सीटवर मी बसायची नाही." पुढे पंधरा दिवसांत तिचा बाप जहाजावरच वारल्याची तार आली. त्या घरात मग या विषयाला कुणी तोंडच फोडलं नाही.

तर आता या मे महिन्यातला तो रविवार. आमच्याकडे मे म्हणजे क्रुसांचा महिना. जागोजागच्या क्रुसांना फुलं घालतात, संध्याकाळी त्यांच्यासमोर लदीन होतो, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. आपोलिनच्या माहेरच्या दारातला क्रूस तिच्या बापाने जहाजावरच्या कमाईतून बांधलेला. त्या लदीनला पहिला सूर इतकी वर्षं तिची आई लावायची. यंदा म्हातारीचा आवाज बसला आणि तिने निरोप धाडला, सूर आता तू लाव. आपोलिन महिनाभर चुलीपुढे, विहिरीवर, नवऱ्याला शिव्या देण्याच्या मधल्या वेळात, तेच गात होती. लदीन सहाला. चारची बस धरली की सहज पोचणार होती.

पावणेचारला नवा निळा झगा घालून, पावडर लावून ती तिठ्यावर गेली आणि दहा मिनिटांत परत आली. बसमालकाने बस लग्नाच्या वऱ्हाडाला दिली होती. आमच्याकडे रविवारी बस येणं हे बसच्या मर्जीवर असतं. तिठ्यावर रिक्षा नाही, गुडघा धरल्यापासून धक्क्यापर्यंतचा दीड मैल तिला चालवत नाही, आणि सगळे पायलट त्याच लग्नाला जेवायला गेलेले. उरला एकच पायलट, आणि त्याची गाडी माझ्या फणसाला मागून टांगलेली, मागचं चाक शेजारी गवतात पडलेलं.

मी जागाच होतो, कारण ठोकाठोक तीनपासून चालू होती. खिडकीतून बघितलं तर आपोलिन गाडीपुढे कमरेवर हात ठेवून उभी.

"हे आजच काढायचं होतं?"

"रबरं गेली होती," कायतान खाली बघून म्हणाला. "गियर टाकला की धक्के बसत होते."

"कुणाला बसत होते?"

"गिऱ्हाइकांना."

"गिऱ्हाइकांची कंबर संभाळ तू. माझी आई सहा वाजता क्रुसापुढे बसून माझी वाट बघणार आहे." एवढं बोलून तिचा आवाज जरा हलला, आणि मला पहिल्यांदा त्या बाईची काळजी वाटली.

"अर्धा तास," कायतान म्हणाला. "पाचच्या बोटीला घालतो तुला."

"कशाने?"

कायतानने गाडीकडे पाहिलं. आपोलिननेही पाहिलं. मग ती वळली आणि माझ्या पायरीवर जाऊन बसली, पाठ करून. पण उठून घरी गेली नाही, हे मी टिपलं आणि शर्ट घालून बाहेर आलो.

इतक्या चलाखीने काम करताना मी कायतानला कधी बघितलं नव्हतं. नवी रबरं त्याने चाकाच्या पोटात ठोकून बसवली. चाक उचलून चेनच्या दातेरी चक्राशी भिडवलं. डावीकडचा छोटा बुश बोटाने धरून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, आणि तो माझ्या हातून गवतात पडला. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून शोधू लागलो. तो आपोलिनला सापडला. पायरीवरून न उठता तिने तो चपलेच्या टोकाने आमच्याकडे सरकवला.

"बुश आधी, वायसर नंतर," ती म्हणाली. "दर वेळी उलटं करता."

आस ठोकून आरपार गेला, नट हाताने फिरवला, ब्रेकची सळई अडकवली, दोरी सोडली. चाक जमिनीला टेकलं. चेन ताणायच्या दोन्ही बाजूंच्या खुणा कायतानने एक डोळा मिटून सारख्या केल्या. मग सवयीने मी लुंगी आवरली आणि सीटकडे निघालो.

"तुम्ही नको, मास्तर," कायतान म्हणाला. "तुम्ही हँडल धरा. जो बसून जाणार त्याचंच वजन लागेल."

साडेचार होत आले होते. आपोलिनने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग तिने झगा आवळला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एका अंगाने सीटवर बसली. गाडी खाली दबली, पुन्हा जराशी वर आली आणि स्थिर झाली. मी हँडल असं धरलं होतं की जणू माझीच परीक्षा आहे.

कायतान चेनपाशी वाकला होता. खालून बोटाने चेन उचलून बघत होता. उचलली, सोडली. पुन्हा उचलली.

"कळलं," तो हळूच म्हणाला.

"काय कळलं?"

"चाकाला. तू बसलीयस ते."

"आज कळलं?" आपोलिन ताडकन म्हणाली. "त्या दिवशी काय झोपलं होतं तुझं चाक? बडबडत गेलास दीड मैल! मी चिमणी आहे? माशी आहे? तेवीस वर्षं विचारायचं म्हणते. आज सांग. नाही सांगितलंस तर उतरते, आणि पोहत जाते बेटावर."

कायतानने पाना हातात घेतला आणि डावीकडचा नट अर्धा आटा फिरवला. मला वाटलं आता काहीतरी फेकाफेक करील. पण तो चाकाकडेच बघत बोलायला लागला. समोरासमोर त्याला जमलं नसतं, हे मला नंतर कळलं.

"चाकाला वजन कळलं होतं, आपोलिन. गाडी दबली म्हणूनच मी निघालो. तू बसलीस असं वाटलं."

"मग कोण बसलं होतं?"

"फणस," कायतान म्हणाला.

मी हँडल घट्ट धरलं.

"दोन होते, गोणपाटात बांधलेले. तुझ्या बाबांनी बोटीवरच्या खलाशाकडे दिले होते. धक्क्याला लागताना त्याने सीटवर ठेवले आणि दोरी मारली. मला दारात येऊन कळलं. गोणपाटाला चिठ्ठी होती, आपोलिनसाठी म्हणून."

आपोलिनचा चेहरा मला दिसत होता, कायतानला नव्हता. ती आधी रागावली, मग तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"बाबा म्हणाले होते," ती म्हणाली, "लग्नानंतरचा पहिला फणस माझ्या झाडाचा देईन तुला. बोट सुटली तरी मी कठड्याशी उभी राहून त्यांच्याकडेच बघत होते. वाटलं, विसरले. नुसता हात हलवला, नि विसरले. मी मान वळवून बसले, नीट निरोपसुद्धा दिला नाही. आणि मग तार आली."

"म्हणून तर सांगता येईना," कायतान म्हणाला. "आधी लाज वाटली. बायको आणि दोन फणस यांतला फरक कळला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं तुझा राग उतरला की सांगेन. मग तार आली. तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कुठे आहेत ते, आण. आणि ते तर..."

त्याने पाना वर उचलला आणि माझ्याकडे रोखला.

मी हँडल सोडून पळूही शकत नव्हतो. गाडी पडली असती, वर आपोलिन.

"ते फणस मी खाल्ले, बाय," मी म्हणालो. "मला खरंच ठाऊक नव्हतं. यानेच गडग्यावरून दिले."

"सगळे?"

"आमच्या हिने रस वाळवून साठंही घातली होती. ती पावसाळ्यात खाल्ली." खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं.

आपोलिनने माझ्याकडे असं पाहिलं की तेहतीस वर्षांत एकाही शिक्षणाधिकाऱ्याने पाहिलं नसेल. मग विचारलं, "कापा होता की रसाळ?"

"रसाळ. इतका गोड मी परत खाल्ला नाही," म्हणालो, आणि लगेच लक्षात आलं की हे खरं नाही. दरवर्षी खातो. मी मान वर केली. कायतानही वर बघत होता. शेवटी आपोलिननेही पाहिलं. डोक्यावर बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फणस लगडले होते, आणि मधल्या फांदीवर इतक्या वर्षांच्या काथ्याच्या दोरीचा वळ उमटला होता.

"ही त्याचीच आठळी?" आपोलिनने विचारलं.

"त्याचीच," कायतान म्हणाला. "पहिला दरवर्षी तुलाच आणून देतो. चुकवला नाही कधी."

ती रडेल असं मला वाटलं, आणि रडलीही, पण फार थोडं, आणि पावडर बिघडू न देता. मग नाक पुसून म्हणाली, "पंधरा वर्षं बाबांचा फणस खातेय मी, आणि तू मला म्हणत होतास, मास्तरांच्या झाडाचा आहे."

"मास्तरांचंच झाड आहे," मी उगाच हक्क सांगून पाहिला. कुणी लक्ष दिलं नाही.

"नट आवळ आता," आपोलिन म्हणाली. "माझ्या वजनावर आवळ. आणि त्यातला एक उतरव. क्रुसापुढे ठेवायचाय."

कायतानने नट आवळला, अंगातली सगळी ताकद लावून. भोकात पिन घालून तिचे दोन्ही पाय वाकवले, ब्रेक दाबून बघितला. मग फणस उतरवला. तो बांधायला मी दोरी पुढे केली, तर आपोलिनने हात झिडकारला. "दोरीने बांधलेल्या फणसावर माझा विश्वास नाही," म्हणाली, आणि तो आपल्या पुढ्यात, नवऱ्याच्या पाठीला टेकवून, दोन्ही हातांनी धरला. जाता जाता मला म्हणाली, "मास्तर, तुम्हीही या. बाबांचा फणस खाल्लाय तुम्ही. चार ओळी म्हणायला लागतील."

मी पायीच निघालो. मारुतीच्या मंदिराकडून आडवाट धरली की धक्का जवळ पडतो. बोट अजून लागायची होती. धक्क्यावर कायतान गाडीला टेकून उभा, आणि आपोलिन फणस कडेवर घेऊन उभी. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती, पण नेहमीसारखी नाही. बोटीवरही ती कठड्याशी गेली नाही. गाडीपासून हातभरावर थांबली.

बेटाचा धक्का आला. फळी पडली. दहा-बारा मोटारसायकली धूर सोडत सुटल्या. आपोलिन फणसासकट मागे बसली, गाडी दबली, पण कायतान हलेना.

"काढ रे पायलटा!" खलाशी ओरडला. मागून एका टेम्पोने कर्णा वाजवायला सुरुवात केली.

कायतानने मान वळवली नाही. उजवा हात मागे नेला आणि चाचपला. काटे लागले. हात तिथेच थांबला, आणि मग काट्यांवरून आणखी मागे, आणखी मागे सरकत गेला.

"मी आहे," आपोलिन म्हणाली, आणि त्याच्या हातावर एक चापट मारली. "चल आता, सहा वाजायला आले."

गाडी चढणीला लागली. धक्का म्हणून बसला नाही. रबरं चांगली बसली होती. मीही मागून भरभर चालायला लागलो, कारण आपोलिन सूर लावील ते चुकवायचं नव्हतं, आणि चणेही त्या घरात लवकर संपतात.